पापडाच्या लेबलवरची चूक: इंग्रजीच्या दोन नियमांची गोष्ट



आज आपण बोलणार आहोत इंग्रजीबद्दल. रेडिओचा आवाज कमी करू नका. आज मी एक जुनी गोष्ट सांगणार आहे. ती घडली सातासमुद्रापलीकडे, पण मला तिचा शोध लागला आपल्या पापडाच्या पाकिटावरून.

गेल्या दिवाळीच्या आधी तालुक्याच्या प्रदर्शनात आमच्या एका गटाने उडदाच्या पापडांचा स्टॉल लावला होता. पाकिटावर मराठीसोबत इंग्रजीतही दोन ओळी असाव्यात, असं सगळ्यांनी ठरवलं. गटाची सचिव बारावी झालेली. तिने ओळी लिहिल्या आणि पाचशे लेबलं छापून आणली. पहिली ओळ होती, ‘अवर ग्रुप मेक पापड’. दुसरी होती, ‘इट्स टेस्ट इज गुड’. त्यातल्या ‘इट्स’मध्ये आय, टी, मग वर टांगलेला स्वल्पविराम आणि मग एस.

एक गिऱ्हाईक आलं. पाकीट हातात घेतलं, बरोबरच्या माणसाला ओळी दाखवल्या, दोघे हसले आणि पाकीट ठेवून पुढे गेले. सचिवताई काही बोलली नाही. पण पुढच्या मासिक बैठकीत तिने कार्यवृत्ताची वही दुसरीकडे सरकवली. म्हणाली, “मला नका लिहायला सांगू. मला येत नाही.”

मैत्रिणींनो, ती वही मराठीत लिहायची होती. चूक इंग्रजीतली, आणि हात आखडला मराठीतला. हे मला फार लागलं. म्हणून मी ठरवलं, ज्या नियमावरून माणसं हसली तो नियम आला कुठून ते एकदा बघायचं.

आधी चुका कोणत्या ते समजून घेऊ. पहिली ओळ ‘अवर ग्रुप मेक्स पापड’ अशी हवी होती. गट एक आहे, म्हणून क्रियापदाला शेवटी ‘स’ लागतो. दुसऱ्या ओळीत ‘इट्स’वरचा तो स्वल्पविराम नको होता. त्या खुणेला अपॉस्ट्रॉफी म्हणतात. खूण असेल तर ‘इट्स’ म्हणजे ‘इट इज’, ते आहे. खूण नसेल तर ‘इट्स’ म्हणजे त्याची, त्याचं. आपल्याला म्हणायचं होतं, त्याची चव चांगली आहे. कानाला दोन्ही सारखेच, फरक फक्त कागदावर. चूक एवढीच. एक ‘स’ कमी, एक खूण जास्त.

आता या ‘स’ची गोष्ट.

कर्त्याप्रमाणे क्रियापद बदलायचं, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. मुलगा जातो, मुलगी जाते, मुलं जातात. तू जातेस, मी जाते. इतकंच नाही, मी आंबा खाल्ला, मी भाकरी खाल्ली, मी पोहे खाल्ले. म्हणजे खाणारी मी एकच, पण जे खाल्लं त्याप्रमाणे क्रियापद बदललं. शाळेची पायरी न चढलेली आजीसुद्धा यात कधी चुकत नाही. इंग्रजीत याच्या मानाने फार थोडं आहे. मी, आम्ही, तुम्ही, ते, या सगळ्यांना ‘मेक’. फक्त ‘तो, ती, ते’ अशा एकाला ‘मेक्स’.

पण इंग्रजीही पूर्वी अशी नव्हती. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून ज्या टोळ्या ब्रिटनमध्ये येऊन राहिल्या, त्यांच्या भाषेतून इंग्रजी तयार झाली. त्या जुन्या इंग्रजीत ‘मी’चं क्रियापद वेगळं, ‘तू’चं वेगळं, ‘तो’चं वेगळं आणि अनेकांचं वेगळं होतं. पुढे डेन्मार्क आणि नॉर्वेकडून व्हायकिंग लोक आले. ७९३ साली त्यांनी लिंडिसफार्न बेटावरचा मठ लुटला. नंतर त्यांच्यातले पुष्कळजण इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात शेती करून राहिले. त्यांची भाषा इंग्रजीच्या नात्यातली, शब्द जवळचे, पण शेवटचे प्रत्यय वेगळे. शेजारी राहायचं, देवाणघेवाण करायची, सोयरीक करायची, तर माणसं शब्दाचं मूळ पकडतात आणि शेपटी सोडून देतात. इंग्रजीचे प्रत्यय झिजण्यामागे हे एक मोठं कारण होतं, असं अभ्यासक मानतात. अडचणीच्या काळात एकेक दागिना मोडावा आणि शेवटी नाकातली चमकी तेवढी राहावी, तसा हा एक ‘स’ राहिला.

यातही एक गंमत आहे. दक्षिणेत, लंडनकडे, ‘तो’च्या क्रियापदाला शेवटी ‘थ’ लागायचा. त्याच्याकडे आहे, याला म्हणायचे ‘ही हॅथ’. उत्तरेकडच्या खेड्यापाड्यांत मात्र ‘स’ लावायचे, ‘ही हॅज’. चौदाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या चॉसर नावाच्या कवीने एका गोष्टीत उत्तरेकडचे दोन विद्यार्थी आणले. त्यांच्या तोंडी त्याने मुद्दाम हा ‘स’ घातला, म्हणजे लंडनच्या लोकांना त्यांचं बोलणं ऐकून हसू यावं.

ऐकलंत ना? त्या काळी ‘स’ लावणाऱ्याला हसायचे. आज ‘स’ न लावणारीला हसतात.

मग हा गावाकडचा ‘स’ हळूहळू लंडनला पोचला. कामधंद्यासाठी आलेली माणसं आपली बोली बरोबर घेऊन येतात. शेक्सपिअर हा नाटककार १६१६ मध्ये वारला. त्याच्या नाटकांत ‘हॅथ’ही आहे आणि ‘हॅज’ही. १६११ मध्ये राजाच्या आज्ञेने बायबलचं जे भाषांतर छापलं, त्यात मात्र जुना ‘थ’च ठेवला, कारण धर्मग्रंथाची भाषा भारदस्त हवी. सतरावं शतक संपेपर्यंत रोजच्या इंग्रजीत बहुतेक ठिकाणी ‘स’ पक्का झाला होता. ज्या बोलीला हसले, तिचाच प्रत्यय आज सगळ्या जगाला शाळेत शिकवतात.

अशीच गोष्ट ‘यू’ची. आपल्याकडे तू, तुम्ही आणि आपण आहे. इंग्रजीतही एकाला ‘दाऊ’ होतं आणि अनेकांना किंवा मोठ्या माणसाला ‘यू’. हळूहळू सगळेच सगळ्यांना आदराने ‘यू’ म्हणायला लागले आणि ‘दाऊ’ मागे पडलं. सतराव्या शतकात क्वेकर नावाच्या पंथाचे लोक म्हणाले, देवापुढे सगळे सारखे, आम्ही राजालाही ‘दाऊ’च म्हणणार. म्हणजे सगळ्यांना अरेतुरे! लोक त्यांच्यावर फार चिडले. शेवटी ‘यू’ जिंकलं. म्हणून आज समोर एक बाई असली तरी ‘यू आर’च म्हणायचं, ‘यू इज’ नाही. ‘आर’ हे अनेकांचं क्रियापद आहे, जसं आपण एकट्या सासूबाईंना ‘तुम्ही आलात’ म्हणतो. कारण समजलं की पाठ करायला लागत नाही.

आता दुसरी चूक, ती वरची खूण.

शब्द जोडून आखूड करणं, हे तर आपण दिवसभर करतो. “पाहुणी आलीय,” “दूध तापलंय,” “काय करतेयस?” हे सगळं आखूडच आहे. आली आहे, तापलं आहे, करते आहेस. पण तहसीलदारांना अर्ज लिहिताना आपण ‘आलीय’ लिहीत नाही, ‘आली आहे’ लिहितो. इंग्रजीतही नेमकं तसंच. ‘आय ॲम’चं ‘आयम’, ‘इट इज’चं ‘इट्स’, ‘डू नॉट’चं ‘डोन्ट’, ‘कॅनॉट’चं ‘कान्ट’. बोलताना आखूड, अर्जात पूर्ण. आणि लिहिताना जिथे अक्षर गाळलं तिथे ती खूण द्यायची. आपल्या जुन्या लिहिण्यातही अशी खूण आहे. पोथीत ‘सोऽहम्’ लिहिलेलं पाहिलं असेल. मधलं ते एससारखं चिन्ह, अवग्रह, सांगतं की इथला ‘अ’ गेला.

इंग्लंडात छापखाना आला १४७६ मध्ये. विल्यम कॅक्स्टन नावाच्या व्यापाऱ्याने तो लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला सुरू केला. त्या वेळी इंग्रजीत ही खूण नव्हती. ती आली पुढच्या शतकात, युरोपातल्या छापखान्यांचं पाहून. गाळलेलं अक्षर दाखवायचं, एवढंच तिचं काम. सतराव्या शतकात ‘डोन्ट’, ‘कान्ट’, ‘वोन्ट’ ही रूपं लिहिण्यातही दिसू लागली. मोठ्या माणसांना ते आवडलं नाही. १७१० मध्ये जोनाथन स्विफ्ट या नावाजलेल्या लेखकाने एका नियतकालिकात अशा कापलेल्या शब्दांवर सडकून टीका केली. भाषा बिघडली, असं त्याचं म्हणणं. ‘मॉब’ या शब्दावरही त्याचा राग होता, कारण तोही एका लांब शब्दाला कापून केलेला. आज वर्तमानपत्रात ‘मॉब’ सर्रास छापतात आणि स्विफ्टची ती तक्रार कुणाला आठवतही नाही.

आणि आपलं ‘इट्स’? हे ऐका. ‘त्याचं’ या अर्थाचं ‘इट्स’ इंग्रजीत आलंच मुळी सोळाव्या शतकाच्या अखेरीस. त्याआधी वस्तूलाही ‘हिज’ म्हणायचे. नवा शब्द आला तेव्हा पुष्कळजण तो खूण देऊनच लिहायचे, अगदी आपल्या सचिवताईसारखा. १७७६ मध्ये अमेरिकेने इंग्लंडपासून स्वातंत्र्य जाहीर केलं. त्या जाहीरनाम्याचा कच्चा मसुदा थॉमस जेफरसन यांनी लिहिला. ते पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्या हातच्या मसुद्यात ‘त्याचं’ या अर्थी ‘इट्स’वर खूण आहे. तेव्हा ती चूक मानली जात नव्हती. ‘इट इज’साठी त्या काळी ‘टिज’ असं वेगळंच आखूड रूप जास्त चालायचं. पुढे ‘टिज’ मागे पडलं, खूणवालं ‘इट्स’ त्या कामाला लागलं, आणि ‘त्याचं’वाल्या ‘इट्स’वरची खूण काढून टाकली. एकोणिसाव्या शतकात हा नियम पक्का होत गेला.

मग नियम पक्के केले कुणी? अठराव्या शतकात इंग्लंडात व्यापार वाढला, पैसा आला. दुकानदार, कारखानदार यांच्या घरातल्यांना वाटू लागलं, आपलं बोलणं-लिहिणं उमरावांसारखं असावं. त्यांच्यासाठी व्याकरणाची पुस्तकं निघाली. १७६२ मध्ये रॉबर्ट लोथ या धर्मगुरूंचं पुस्तक आलं. एका माणसाला ‘यू वॉज’ म्हणायची रीत तेव्हा चांगली रुळलेली होती. लोथ यांनी ती मोठी चूक ठरवली. तेव्हापासून ‘यू वेअर’.

यात एक बाईही होती, आणि तिचं नाव आपण लक्षात ठेवायला हवं. न्यूकॅसल गावची ॲन फिशर. अठराव्या शतकाच्या मध्याला ती तरुण मुलींसाठी शाळा चालवत होती आणि तिने इंग्रजीचं व्याकरण लिहिलं. त्यात तिने मुद्दाम चुकीची वाक्यं दिली, मुलींनी ती दुरुस्त करावीत म्हणून. म्हणजे चुकीवर हसायचं नाही, चुकीवर काम करायचं. १७९५ मध्ये लिंडली मरे यांचं व्याकरण आलं. ते पुढे लाखोंनी खपलं. ते लिहिलं होतं यॉर्क गावातल्या मुलींच्या एका शाळेतल्या शिक्षिकांनी आग्रह केला म्हणून.

पण हे नियम कितीजणींपर्यंत पोचले? १८४० च्या सुमारास इंग्लंडात लग्नाच्या नोंदवहीत जवळजवळ निम्म्या नवऱ्या मुली सही न करता फुली मारत होत्या. आपल्याकडे अंगठा, त्यांच्याकडे फुली. राज्य त्यांचं, भाषा त्यांची, आणि त्यांच्याच निम्म्या बायकांना तिच्यात सही करता येत नव्हती. तेव्हा इंग्रजी ही सगळ्या गोऱ्यांना जन्मतः शुद्ध येते, हा समज डोक्यातून काढून टाका.

आता आपल्याकडे येऊ. इंग्रज इथे आले, त्यांच्याबरोबर त्यांचे नियम आले. आपण मराठी लिहिताना जो स्वल्पविराम आणि पूर्णविराम देतो, तोही इंग्रजीचं पाहून. मराठीत विरामचिन्हं रुळवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना देतात. १८३६ मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी मराठीचं व्याकरण छापलं, तेही इंग्रजी व्याकरणाची मांडणी समोर ठेवून. आणि सावित्रीबाई? १८४८ मध्ये पुण्यात जोतीरावांबरोबर मुलींची शाळा सुरू करणाऱ्या सावित्रीबाईंनी १८५४ च्या ‘काव्यफुले’ या संग्रहात इंग्रजी शिका, असं आपल्या लोकांना कवितेतून सांगितलं. इंग्रजी मोठी आणि मराठी लहान असं त्यांना म्हणायचं नव्हतं. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या पाटीला हात लावू दिला नाही, त्यांच्यासाठी हे एक उघडं दार आहे, हे त्यांनी ओळखलं होतं.

आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. माझ्यासारख्या त्याआधी शाळेत गेलेल्यांना एबीसीडी भेटली पाचवीत. म्हणून आज घराघरांत असं चित्र आहे की, मुलगी दुसरीत इंग्रजी वाचते आणि आई वही बंद करते. बंद करू नका. मुलीच्या शेजारी बसा. तीन गोष्टी सांगते, त्या चुलीवर भाजी ठेवूनही पाठ होतील.

पहिली. ‘स’ सहसा एकाच्याच वाट्याला येतो. नामाला लागला तर अनेक, क्रियापदाला लागला तर एक. ‘द गर्ल रन्स’, एक मुलगी पळते. ‘द गर्ल्स रन’, मुली पळतात. सगळेच शब्द असे नाहीत. ‘विमेन’ म्हणजे बायका, त्याला ‘स’ नाही, तरी त्या अनेकच. म्हणून ‘विमेन मेक’. आणि कर्ता कोण ते नीट बघा. ‘द पॅकेट ऑफ पापड्स इज फ्रेश’. पापड पुष्कळ, पण बोलतोय पाकिटाबद्दल. मराठीतही आपण ‘पापडांचं पाकीट ताजं आहे’ म्हणतो, ‘आहेत’ म्हणत नाही.

दुसरी. मीठ एकदाच घालायचं. ‘शी गोज’, ती जाते. जात नाही म्हणताना ‘शी डझन्ट गो’. ‘डझन्ट’मध्ये तो ‘स’ आधीच पडलाय, पुन्हा ‘गोज’ केलं तर खारट होईल. ‘शी डोन्ट गो’ हे आज चूक धरतात. पण एकोणिसाव्या शतकातही इंग्लंडातली शिकलीसवरलेली माणसं बोलताना ‘ही डोन्ट’ म्हणायची, हेही माहीत असू द्या.

तिसरी. ‘इट्स’वर खूण द्यायची का, असा प्रश्न पडला की तिथे ‘इट इज’ ठेवून बघा. बसलं तर खूण द्या, नाही बसलं तर देऊ नका. ‘इट इज टेस्ट इज गुड’, म्हणजे ‘ते आहे चव चांगली आहे’. नाही बसत. म्हणून खूण नको. हिज, हर, अवर यांनाही खूण नाही, इट्स त्यांच्याच घरातला आहे.

मैत्रिणींनो, हे नियम शिकायचेच. पूर्वी बाजारात शेर चालायचा, आता किलो चालतो. माप कुणीतरी ठरवलं, मग बदललं, पुन्हा कुणी बदलेलही. पण आज बाजारात बसायचं तर आजचं माप लागतं. बँकेचा फॉर्म, पाकिटावरचं लेबल, मुलीचा अर्ज, यांत चूक नको, कारण तिथे नुकसान आपलं होतं. पण वजन मालाचं करायचं असतं, माणसाचं नाही. सहाशे वर्षांपूर्वी ‘स’ लावला म्हणून हसणारे होते, आज लावला नाही म्हणून हसणारे आहेत. हसणाऱ्यांच्या भरवशावर आपण आपली वही सरकवायची नाही.

ही सगळी गोष्ट मी गटाच्या बैठकीत सांगितली. सचिवताईने जेफरसनचं नाव दोनदा विचारून घेतलं. मग प्रश्न आला उरलेल्या लेबलांचा. साडेतीनशेच्या वर शिल्लक होती, फेकायची तर पैसे वाया. अध्यक्षताईंनी निळी पेनं आणली. एकीने ‘मेक’ला एस जोडायचा, दुसरीने वरची खूण खोडायची, असं करत सगळ्या जणी दुपारभर बसल्या. ज्यांना इंग्रजी अक्षर ओळखता येत नव्हतं, त्याही त्या दिवशी एस काढायला शिकल्या. शेवटची गड्डी संपली तेव्हा कार्यवृत्ताची वही कुणी मागितली नाही. सचिवताईने ती आपणहून ओढून घेतली आणि लिहिलं: आज लेबलं दुरुस्त केली, सर्व सदस्या हजर.

तुमच्या गटात अशी एखादी वही कुणी बाजूला सरकवली असेल, तर पुढच्या बैठकीत ती पुन्हा तिच्याकडे द्या. नमस्कार.